गोळी अर्धी करून पैसे वाचत नाहीत

ताई, नमस्कार.

मी मूळ साताऱ्याचा. वीस वर्षं अमेरिकेत, सध्या न्यू जर्सीत एडिसनला. 2020 मध्ये सिटीझन झालो. बाबा गेल्यावर आईला स्पॉन्सर केलं आणि मार्च 2023 मध्ये ती ग्रीन कार्डवर इकडे आली. वय 68, मधुमेह आणि बीपी. माझ्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत नाहीत, म्हणून तिच्या नावाने ओबामाकेअरमधला, म्हणजे सरकारी सबसिडी मिळणाऱ्या विम्याचा, प्लॅन घेतला होता. तिचं उत्पन्न म्हणजे बाबांची फॅमिली पेन्शन, महिना 22 हजार रुपये. तिचा टॅक्स रिटर्न वेगळा भरतो, त्यामुळे जवळपास सगळा हप्ता सबसिडीतून जायचा. जानेवारी 2026 पासून सबसिडी बंद. पूर्ण हप्ता महिना हजार डॉलरच्या वर जातोय. बायकोची नोकरी ऑगस्टमध्ये गेली, दोन मुलं आहेत, घराचं कर्ज आहे.

मित्रांत विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, "बरंच झालं. आईला आणलंस तू, सांभाळ तू. सरकारने का द्यायचं?" मला उत्तर सुचलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच बोलायचो. आम्ही सरकारचं फुकट खाल्लं का? त्यामुळे आईच्या सिटीझनशिपमध्ये अडचण येईल का? आणि सगळ्यात वाईट म्हणजे गेल्या आठवड्यात कळलं की आई साखरेची गोळी अर्धी करून खातेय. विचारलं तर म्हणाली, "मला परत पाठव. साताऱ्यात सिव्हिलला सगळं मिळत होतं. इथे मी तुमच्या गळ्यातली धोंड झाले." काय करू?

एक मुलगा, एडिसन

•

भाऊ,

तुमचं पत्र आलं त्याच रात्री मी दोन ओळी पाठवल्या होत्या. एक, न्यू जर्सीतली नोंदणी 31 जानेवारीला बंद होते, त्याच्या आत मार्केटप्लेसच्या, म्हणजे ओबामाकेअरच्या विमा-बाजाराच्या, मदतनीसाला भेटा. दोन, आईच्या गोळ्या आजच मोजा. दोन्ही केलंत, हे तुमच्या निरोपावरून कळलं आणि जीव भांड्यात पडला. आता सविस्तर लिहिते, कारण या महिन्यात अशी आणखी पत्रं आली आहेत आणि सगळ्यांत एक म्हातारी आई किंवा वडील कोपऱ्यात बसून हिशेब करताहेत.

आधी गोळीचं. तुमच्या आईची मेटफॉर्मिन ही या सगळ्या भानगडीतली सर्वात स्वस्त वस्तू आहे. मोठ्या दुकानांतल्या फार्मसीत ती विम्याशिवायही महिन्याला थोडक्या डॉलरांत मिळते. महाग आहे तो विम्याचा हप्ता आणि उद्या लागला तर दवाखाना. हे त्या माउलीला कोणी सांगितलेलंच नाही. तिने घरात "हजार डॉलर" एवढाच आकडा ऐकला, आणि आपल्या हातात जे आहे त्यात काटकसर सुरू केली. साखर वाढून पायाची जखम चिघळली, मूत्रपिंडावर आलं, की अर्ध्या गोळीत वाचलेल्या पैशांची किंमत कळते. त्यातून तिची गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी असेल तर ती फार्मसिस्टला विचारल्याशिवाय तोडायचीच नसते. तेव्हा बाकीचं पत्र नंतर वाचा. तिच्यासमोर बसून गोळ्यांची खरी किंमत पावतीवर दाखवा.

मी बावीस वर्षं इथल्या एका मोठ्या रुग्णालयात रुग्णांना बिलाचे आणि मदतीचे अर्ज भरून द्यायचं काम केलं. मी वकील नाही. पण हे कायदे कागदावरून माणसाच्या अंगावर कसे उतरतात, ते त्या खिडकीत बसून पाहिलंय.

तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते बघा. 22 ऑगस्ट 1996 रोजी क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने नव्या ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षं मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, बंद केलं. म्हणजे तुमची आई कायदेशीर आली, गरीब आहे, तरी केवळ तारखेमुळे तिला मेडिकेड नाही. 2010 मध्ये ओबामाकेअर करताना ही फट कोणाच्या तरी लक्षात आली होती. दारिद्र्यरेषेखालचा माणूस मेडिकेडमध्ये जाईल असं धरून बाजारातली सबसिडी रेषेच्या वरच्यांनाच ठेवली होती, पण ज्याला इमिग्रेशनच्या कारणाने मेडिकेड मिळत नाही त्याला रेषेखाली असूनही सबसिडी द्यायची, असा अपवाद कायद्यात घातला. आई जवळपास तीन वर्षं त्या अपवादावर होती. 4 जुलै 2025 ला सही झालेल्या मोठ्या कायद्याने तो अपवाद 1 जानेवारी 2026 पासून काढून टाकला.

त्याचा अर्थ असा की आईसारख्याच एखाद्या ग्रीन कार्डवाल्या बाईचं वर्षाचं उत्पन्न सोळा हजार डॉलर असेल तर तिला आजही सबसिडी आहे, कारण 2026 च्या प्लॅनसाठी एका माणसाची दारिद्र्यरेषा 15,650 डॉलर धरतात. तुमच्या आईला वर्षाला तीन हजार मिळतात, म्हणून तिला काहीच नाही. जिच्याजवळ कमी, तिचंच काढून घेतलं. मी हे तीनदा तपासून पाहिलं होतं, कारण मला खरं वाटेना.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही. आईला आणताना तुम्ही स्पॉन्सर म्हणून एका प्रतिज्ञापत्रावर सही केली आहे. घराच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवून, तिला सांभाळीन असं लिहून दिलं आहे. आई सिटीझन होईपर्यंत किंवा तिच्या नावावर कामाच्या 40 तिमाही जमा होईपर्यंत ते तुम्हाला बांधील आहे. तो शब्द खरा आहे आणि तो पाळायचा. तुम्ही पाळताच आहात: तिचं जेवण, खोली, कपडेलत्ते, भारताचं तिकीट, सगळं तुम्हीच बघता. पण एका कुटुंबाने दुसऱ्या माणसाच्या अतिदक्षता विभागाची हमी द्यायची, हे कोणालाही झेपत नाही. लाख दीड लाख डॉलर पगारवाल्यालाही नाही. म्हणून तर जगात विमा नावाची गोष्ट निघाली. आणि ज्या विम्याची सबसिडी आईने घेतली, ती स्पॉन्सरकडून सरकारने वसूल करायच्या मदतींच्या यादीत नाही. तुम्हाला त्यासाठी कोणी नोटीस पाठवणार नाही.

शिवाय हा मित्र समजतो तसा हा 2025 चा कायदा फक्त स्पॉन्सर असलेल्यांचा नाही. निर्वासित आणि आश्रय मिळालेले लोक, ज्यांना कोणी मुलगा स्पॉन्सर करत नाही, ज्यांना अमेरिकेने स्वतः तपासून आत घेतलं, त्यांचे फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नधान्यासाठीची सरकारी मदत, याच कायद्याने काढले. 1 ऑक्टोबर 2026 पासून त्यांचं मेडिकेडही जाईल. आणि 1 जानेवारी 2027 पासून बाजारातल्या विम्याची सबसिडी ग्रीन कार्डवाले, क्यूबा-हैतीहून आलेले ठरावीक लोक आणि पॅसिफिकमधल्या तीन बेटराष्ट्रांचे नागरिक एवढ्यांनाच उरेल. म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेला आपला एखादा मुलगा ले-ऑफनंतर छोट्या कंपनीत लागला, तिथे विमा नसला आणि बायको गरोदर असली, तर त्यालाही सबसिडी नाही. तो प्रत्येक पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनचे, 6.2 टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्याचे, 1.45 टक्के भरतो. दहा वर्षं पूर्ण होण्याआधी परत गेला तर त्यातलं बहुतेक इथेच राहतं, कारण एका देशात भरलेलं दुसऱ्या देशात धरायचा करार भारत आणि अमेरिकेत आजपर्यंत झालेला नाही. हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. दिवाळीच्या फराळापासून गणपतीच्या मीटिंगपर्यंत आपण त्यावर बोलतो. मग कोण कोणाचं फुकट खातंय?

एक अभ्यास झाला होता, त्यात 2002 ते 2009 या आठ वर्षांचा हिशेब मांडला. स्थलांतरितांनी मेडिकेअरच्या रुग्णालय निधीत जे भरलं, ते त्यांच्यावर झालेल्या खर्चापेक्षा सुमारे 115 अब्ज डॉलरने जास्त निघालं. मित्राला पाहिजे तर हा आकडा सांगा.

आणि "बेकायदा लोकांचं बंद केलं" असं जे आपल्या लोकांत सरसकट बोललं जातं, ते चूक आहे. कागद नसलेल्यांना फूड स्टॅम्प, नियमित मेडिकेड, ओबामाकेअरची सबसिडी यातलं काही आधीही मिळत नव्हतं. या वेळी जे गेलं ते कायदेशीर माणसांचं गेलं. मंडळातली चांगली शिकलेली माणसंसुद्धा टाळ्या वाजवताना हे वाचत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फुकटाचा विषय निघालाच आहे तर माझं सांगते. मी माण तालुक्यातली. 1972 च्या दुष्काळात दहा वर्षांची होते. वडील नालाबंडिंगच्या कामावर खडी फोडायचे, आम्ही पोरं सुकडीसाठी रांगेत. रेशनवर लाल मिलो यायची, अमेरिकेहून आलेली, असं सगळे म्हणायचे. भाकरी धड थापता यायची नाही, तोंडात घोळायची, पण पोट भरायचं. पुढे रोजगार हमी आली तेव्हा तिच्यासाठी मुंबईच्या पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. गिरगावातल्या कारकुनाने माणच्या मजुरासाठी का द्यावं, असं त्याही वेळी कोणी म्हटलं असेल. मला एवढंच ठाऊक आहे की आमचं घर त्या कामामुळे गावात टिकलं, शहराच्या फुटपाथवर गेलं नाही. वडिलांनी त्या मजुरीची लाज कधी बाळगली नाही. तुमच्या आईचं वय बघता तिने तो दुष्काळ पाहिला असणार. तिला विचारा. ती मिलोची चव विसरलेली नसेल.

आता अशा कपातीने सरकारचे "पैसे वाचतात" या म्हणण्याकडे येते, कारण माझा सगळा राग तिथे आहे.

सरकारच्या वहीत आकडा कमी होतो, हे खरं. 1996 च्या कायद्यातून सहा वर्षांत सुमारे 54 अब्ज डॉलर वाचतील असा अंदाज होता, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा स्थलांतरितांच्या कपातीतून यायचा होता. देशात ते लोक दहा टक्केही नव्हते. अंदाजे पाच लाख कायदेशीर स्थलांतरितांचा, अपंग-वृद्धांना मिळणारा मासिक भत्ता थांबणार होता. मी नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. 1997 च्या सुरुवातीला एक आजोबा खिडकीत आले, युक्रेनचे, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत भत्ता बंद होणार असल्याचं सरकारी पत्र. इंग्रजी येत नव्हतं, पण तारीख वाचता येत होती. ते मला बिलाबद्दल विचारायला आलेच नव्हते. पत्र खरं आहे का, एवढंच विचारायचं होतं. त्याच वर्षी काँग्रेसने आधीपासून भत्ता घेणाऱ्यांचा भत्ता कायम ठेवला. पण तोवर कितीतरी लोकांनी ते महिने भीतीत काढले होते. 1998 आणि 2002 मध्ये फूड स्टॅम्पही बऱ्याच अंशी परत दिले. कापायचं, लोक खचले की परत द्यायचं. मधल्या काळात जे गेले ते गेले.

मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण तर अगदी उघडं आहे. 2009 मध्ये मंदी आली, राज्याला पैसे कमी पडले. राज्याच्या स्वस्त विमा योजनेतून सुमारे 30 हजार कायदेशीर स्थलांतरित काढले आणि त्यांना एक तोकडी पर्यायी योजना दिली, डॉक्टर कमी, खिशातून भरायचं जास्त. कारण एकच सांगितलं, पैसे वाचवायचे आहेत. लोक कोर्टात गेले. जानेवारी 2012 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं आणि राज्याला सगळ्यांना परत घ्यावं लागलं. राज्याचा हा मुद्दा नवा नव्हता. ॲरिझोनात 1956 पासून राहणाऱ्या, मेक्सिकोहून आलेल्या कार्मेन रिचर्डसन नावाच्या अपंग बाईला, सिटीझन नसल्याने पंधरा वर्षं वास्तव्याची अट लावून मदत नाकारली होती. 1971 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की स्थलांतरितही कर भरतात, त्यांनाही सैन्यात बोलावता येतं, आणि राज्याचे पैसे वाचतात हे भेद करायला पुरेसं कारण नाही. दुर्दैवाने 1976 मध्ये त्याच कोर्टाने केंद्र सरकारला मात्र तशी मुभा दिली. मेडिकेअरसाठी पाच वर्षांची अट मान्य केली. म्हणून आज तुम्ही वॉशिंग्टनविरुद्ध त्या 1971 च्या निकालाचा आधार घेऊ शकत नाही. राज्यांच्या पातळीवर मात्र लढाई होते आणि जिंकलीही जाते. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानेही आपल्या राज्याला असंच बजावलं होतं.

वाचवलेला पैसा जातो कुठे, ते मी रोज बघायचे. विमा गेला म्हणून साखर थांबत नाही. माणूस डॉक्टरकडे जायचं सोडतो आणि मग एका रात्री इमर्जन्सीत येतो. 1986 च्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर करावंच लागतं. चाळीस डॉलरच्या तपासणीऐवजी चाळीस हजारांचं बिल होतं. ते माणूस भरू शकत नाही, मग रुग्णालय सोसतं, राज्य थोडं भरतं, बाकी विमा असलेल्यांच्या हप्त्यात मिसळतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ते लोक राज्यातच राहत होते, आजारी पडतच होते. हिशेबाची वही बदलली, खर्च तोच राहिला. तुमच्या घरीही तेच झालं आहे. वॉशिंग्टनच्या वहीतला आकडा उचलून तुमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला, आणि तिथून तो आईच्या गोळीवर उतरला.

आता काय करायचं ते.

तुम्ही आईचा रिटर्न वेगळा भरत होता. आता बदला. तिचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करता आणि तिचं स्वतःचं करपात्र उत्पन्न पाच हजार डॉलरच्या आसपासच्या मर्यादेखाली आहे, तर ती तुमच्या रिटर्नवर आश्रित म्हणून येऊ शकते. मग सबसिडीसाठी उत्पन्न मोजलं जातं ते पाच माणसांच्या घराचं. पाच जणांची दारिद्र्यरेषा 37,650 डॉलर, तिची चौपट, म्हणजे सबसिडीची हद्द, 1,50,600. बायकोची नोकरी गेल्यामुळे यंदा तुमचं घर त्याच्या खाली येतं. त्यामुळे आईच्या हप्त्यावर काही सबसिडी मिळू शकते, पूर्वीइतकी नाही. न्यू जर्सी राज्याची स्वतःची वेगळी सवलतही आहे, ती दारिद्र्यरेषेच्या सहापटीपर्यंत मिळते. बरेच लोक केंद्राची बंद झाली म्हणून अर्जच करत नाहीत. मदतनीसाने तुम्हाला हप्ता थोडा उतरवून दिला, असं तुम्ही कळवलंत, तो याच वाटेने.

पण एक सांभाळा. वर्षाच्या मध्ये बायकोला नोकरी लागली, आणि देव करो लागो, तर त्याच आठवड्यात मार्केटप्लेसला कळवा. जास्तीची सबसिडी परत करायला पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना मर्यादा होती. 2026 पासून ती काढली आहे. पुढच्या वर्षी टॅक्स भरताना सगळी रक्कम परत मागतील.

आईची पेन्शन, एफडीचं व्याज, साताऱ्याच्या घराचं भाडं असलं तर तेही, सगळं इथल्या रिटर्नमध्ये दाखवा. भारतातलं उत्पन्न इथे मोजत नाहीत हा गैरसमज अजून फिरतो. कोणी सांगेल की थोडं फुगवून सोळा हजार दाखव म्हणजे सबसिडी मिळेल. तसं करू नका. आज स्वच्छ असलेला कागद सिटीझनशिपच्या वेळी उपयोगी पडतो.

आणखी एक. मित्र तुम्हाला पाहुण्या आईवडिलांसाठीचा स्वस्त विमा सुचवतील. त्याच्या कागदात आधीपासून असलेल्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. "ॲक्यूट ऑनसेट" झालं, म्हणजे जुनं दुखणं अचानक उसळलं, तरच देऊ, असं असतं. मधुमेह आणि बीपी असलेल्या 68 वर्षांच्या बाईला तो कागद संकटात बहुधा उपयोगी पडत नाही. मी असे कागद छातीशी धरून आलेले मुलगे पाहिलेत.

हप्ता खरोखर परवडत नसेल तर नियमित तपासणीसाठी जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर गाठा. तिथे उत्पन्नाप्रमाणे फी असते, आणि ग्रीन कार्डवर असल्याने आईला तिथे अडचण नाही. रुग्णालयाचं मोठं बिल आलं तर घाबरून क्रेडिट कार्डवर भरू नका. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावं लागतं, आणि पहिलं बिल आल्यापासून निदान 240 दिवस अर्ज घ्यावा लागतो. न्यू जर्सीत राज्याची चॅरिटी केअर आहे, तिचाही अर्ज मागा. खिडकीवरचा माणूस स्वतःहून सांगेलच असं नाही. मागावं लागतं.

सिटीझनशिपची काळजी. "सरकारवर भार" ही कसोटी ग्रीन कार्ड देताना किंवा देशात प्रवेश देताना लावतात. सिटीझनशिपच्या अर्जात ती लावत नाहीत. शिवाय 2022 च्या नियमात रोख मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणं एवढंच मोजलं जातं, विम्याची सबसिडी नाही. तो नियम रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने मांडला आहे, त्यावर लक्ष ठेवा. पण भीतीपोटी हक्काचं सोडू नका. 2018 मध्ये हा नियम कडक करायचा नुसता प्रस्ताव आला, तेव्हा स्थलांतरित कुटुंबांतल्या दर सात प्रौढांमागे एकाने, स्वतःहून किंवा घरच्यांनी, मदत घेणं टाळलं होतं. त्यात ज्यांना नियम लागूच नव्हता असे लोकही होते, इथे जन्मलेली मुलंही होती. ती भीती मला कपातीपेक्षा वाईट वाटते.

आणि "परत पाठव". इथे घाई केलीत तर मोठं नुकसान आहे. आई सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त भारतात राहिली तर सिटीझनशिपसाठी लागणारी सलग वास्तव्याची वर्षं तुटल्याचं धरलं जाऊ शकतं, आणि परत येताना 180 दिवसांच्या वर झाले असतील तर तिला नव्याने प्रवेश मागणारी समजून ती भाराची कसोटी विमानतळावर लावता येते. सातारला जाऊन येऊ दे, नातेवाईक भेटू दे, तिथे डोळे, दात, तपासण्या करून येऊ दे, पण पाच महिन्यांत परत. कायमचं जायचं हा तिचा निर्णय असेल तर तो वेगळा विषय. पण तो तिच्या मनातून यायला हवा, तुमच्या हप्त्याच्या धाकाने नको.

तो तिच्या मनातून आला आहे असं मला वाटत नाही. तुमच्या बाबांच्या पगारात महिनाअखेर भागवलेली बाई आहे ती. अशा बाईला घरातल्या पैशाची अडचण लपवून सांभाळायचं नसतं. तिला हिशेबात घ्या. आकडे मराठीत एका कागदावर लिहून द्या: हप्ता किती, गोळ्या किती, पगार किती, कर्ज किती. तिने पाहू द्या की आपली गोळी या यादीत सगळ्यात खाली आहे. आणि तुम्ही तिच्यासमोर मित्रांशी फोनवर "सबसिडी गेली, वाट लागली" असं बोलता का, ते आठवून पाहा. म्हातारी माणसं अर्धं वाक्य ऐकतात आणि उरलेलं स्वतःच्या नावाने पुरं करतात.

तिच्या ग्रीन कार्डावरची तारीख बघा. मार्च 2023 ची असेल तर मार्च 2028 मध्ये पाच वर्षं पूर्ण होतील, आणि मेडिकेअर विकत घेता येईल. नवा कायदा ग्रीन कार्डवाल्यांना त्यातून काढत नाही. 2026 च्या दराने पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टर-तपासण्यांच्या भागाचा, हप्ता महिना 202.90 डॉलर आहे. तिच्याकडे कामाची वर्षं नाहीत म्हणून पार्ट एसाठी, म्हणजे रुग्णालयाच्या भागासाठी, त्याच दराने 565 डॉलर पडतील. फक्त पार्ट बीही घेता येतो. पाच वर्षं व्हायच्या तीन महिने आधी सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा, उशीर केला तर दंड कायमचा हप्त्यात बसतो. सिटीझनशिपचा अर्ज त्याच सुमाराला 90 दिवस आधी करता येतो. वयाची सूट तिला लागू नाही, परीक्षा इंग्रजीत द्यावी लागेल. तेव्हा नातवंडांना सांगा, रोज संध्याकाळी आजीला इंग्रजीतली दहा वाक्यं वाचायला शिकवा.

कॅलेंडर स्वयंपाकघरात लावा, गोळ्यांच्या डबीशेजारी. सात खणांची डबी आणा, दर रविवारी तिच्याबरोबर बसून भरा. पुढच्या महिन्यात साखर किती आली ते मला कळवा.